सहावी तार

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका जुन्या वाचनालयात पुस्तकांची दोन खोकी आली. एक सभासद वारले होते आणि मुलाने घर आवरताना वडिलांचा संग्रह पाठवून दिला होता. वरच्या थरात अपेक्षित तेच होतं: जुने दिवाळी अंक, सार्थ ज्ञानेश्वरी, बागकामावरची दोन पुस्तकं. तळाशी मात्र वीस-पंचवीस जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली, आणि सगळीच्या सगळी रॉक संगीतकारांच्या आठवणींची. गृहस्थ म्युनिसिपालटीतून निवृत्त झालेले, कायम पांढऱ्या सदऱ्यात दिसणारे. त्यांच्या घरात हे निघालं म्हणून आधी हसाहशी झाली, मग वाद पेटला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "चरस ओढणाऱ्यांची कुलंगडी आपण कपाटात कशाला लावायची?" कॉलेजातला एक मुलगा उसळून म्हणाला, "काका, ही माणसं निदान खरं लिहितात. आपल्या आत्मचरित्रांत सगळे जन्मापासून संत!" तासभर हेच चाललं. दोनदा चहा झाला. मी फारसं बोललो नाही. जे बोलायला हवं होतं ते नेहमीप्रमाणे परतीच्या लोकलमध्ये सुचलं.

दोघं एकमेकांवर तुटून पडत होते, पण एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. या पुस्तकांत असतं काय, तर नशा, बायका, हॉटेलातल्या खोल्यांची मोडतोड आणि शेवटी पश्चात्ताप. काकांना ती घाण वाटते, मुलाला ते धैर्य वाटतं. मला विचाराल तर तो या पुस्तकांतला सर्वांत स्वस्त माल आहे आणि जवळजवळ सगळ्यांत सारखाच आहे. ही पुस्तकं वाचनालयात हवीतच, पण ती वाचावीत एखाद्या कारागिराने आपल्या धंद्याबद्दल सांगितलेल्या हकिकती म्हणून. कबुलीजबाब शोधत बसलं की काका आणि मुलगा दोघंही फसणार. मुलाला आणखी एक सांगायला हवं. तरुणपणी वाहवत जाणं आणि मग सावरणं हा साचा रॉकवाल्यांनी आणलेला नाही. नाना फडणीसांनी आपलं त्रोटक आत्मवृत्त लिहिलं त्यात पानिपतातून जीव वाचवून परतण्याची हकिकत आहे, तशी तरुणपणीच्या कामवासनेची कबुलीही आहे. शाहीर राम जोशी सोलापूरच्या घरंदाज ब्राह्मण कुटुंबातून तमाशात गेला आणि मोरोपंतांच्या शब्दाखातर कीर्तनाला उभा राहिला अशी कथा परंपरेने जपली आहे. आजच्या रॉक आत्मचरित्रात व्यसनमुक्ती केंद्राचं प्रकरण जिथे येतं, नेमक्या त्याच जागी ही कथा येते!

मग कारागिरीचं काय? रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचं 'लाइफ' 2010 मध्ये आलं. त्याच्या नशेच्या कहाण्या पुस्तक उघडण्याआधीच लोकांना पाठ असतात. पण त्या ठोकळ्यात काही पानं अशी आहेत की ती वाचताना मला आमच्या गिरगावातल्या चाळीतले पेटीवाले मास्तर आठवले. तेही एका बिघडलेल्या सुरावर अख्खी दुपार बोलू शकत. साठचं दशक संपता संपता रिचर्ड्सने गिटार नेहमीच्या पद्धतीने लावणं बऱ्याच अंशी सोडलं. तारा 'जी' या सुराच्या मेळात, म्हणजे कॉर्डमध्ये, जुळवल्या आणि सर्वांत खर्जातली सहावी तार काढूनच टाकली, कारण ती मध्ये मध्ये येत होती. उरलेल्या पाच तारा डाव्या हाताने कुठेही न दाबता नुसत्या छेडल्या तरी पुरा मेळ वाजतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, सा, ग, प. तानपुरा नीट लागला की त्यातून गंधार आपोआप उमटतो. इथे तो सरळ तारेवरच बांधून ठेवला आहे. ही जुळणी त्याची स्वतःची नव्हे. ती पाच तारांच्या बँजोची आहे, आणि बँजोचं मूळ गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाद्यांत. त्यांच्या वंशजांनी बँजोची जुळणी गिटारवर चढवली आणि इंग्लंडातल्या डार्टफर्ड गावच्या या पोराने ती तिथून उचलली. एवढा मोठा प्रवास, आणि तो एका काढून टाकलेल्या तारेतून कळतो. 2003 च्या एप्रिलमध्ये स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले तेव्हा मी गर्दीत होतो. दोन तास त्या माणसाकडे बघत होतो, पण त्याच्या गिटारवर पाचच तारा असू शकतात हे डोक्यातही आलं नाही. ते पुस्तकाने दाखवलं.

अशी पानं एकदा शोधायला लागलं की बाकीच्यांतही सापडतात. अमेरिकी गायक बॉब डिलनने 2004 मध्ये आठवणींचा पहिला खंड काढला. ज्या वर्षांसाठी लोक ते पुस्तक हातात घेतात, ती साठच्या दशकाच्या मध्यावरची वर्षं त्याने जवळजवळ गाळली आणि 1989 मध्ये न्यू ऑर्लिन्सला केलेल्या एका रेकॉर्डिंगवर मात्र अख्खं प्रकरण खर्च केलं. गाणं बसत नाही, निर्माता आणि गायक एकमेकांवर वैतागलेत, पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. चाहत्याला हे प्रकरण कंटाळवाणं वाटतं. ज्याने कधी नाटकाच्या तालमी पाहिल्या आहेत त्याला ते घरचं वाटेल. गायिका पॅटी स्मिथच्या 'जस्ट किड्स'मध्ये दोन कफल्लक पोरं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात एकच तिकीट काढतात. एकाने आत जायचं आणि बाहेर येऊन दुसऱ्याला सगळं वर्णन करून सांगायचं. आपल्याकडे सुधीर फडक्यांचं 'जगाच्या पाठीवर' अपुरं राहिलं. त्यात उपासमारीचे, वणवण भटकण्याचे दिवस आहेत आणि आपल्याला माहीत असलेले बाबूजी पुरते उभे राहण्याआधीच ते थांबतं. अपुरं राहिल्याने ते पुस्तक उणं झालं असं मला कधी वाटलं नाही. रॉकवाल्यांच्याही बहुतेक पुस्तकांत पहिली दीडशे पानं सोन्याची असतात. विमानं आणि वकील आले की पुस्तक पडतं.

आता काकांची बाजू. ती त्यांनी नीट मांडली नाही, म्हणून मीच मांडतो. कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे.

पहिला आक्षेप असा की ही पुस्तकं हे लोक स्वतः लिहीतच नाहीत. बऱ्याचदा खरं आहे. 'लाइफ'वर जेम्स फॉक्स या पत्रकाराचं नाव आहे. पण हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंच्या शब्दांकनातून उभं राहिलं, म्हणून ते हंसाबाईंचं नाही असं कोणी म्हणेल का? अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं आयुष्य उर्दूत नातवाला सांगितलं आणि नातवाने ते उतरवून घेतलं; जयपूर घराण्याचा अभ्यास करणाऱ्याला आज त्याला वगळून पुढे जाता येत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचं आयुष्य दुसऱ्याने लिहून घ्यायचं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. हा आक्षेप इथेच सोडू.

दुसरा आक्षेप खोटेपणाचा, आणि तो एवढ्यात मिटत नाही. डिलनच्या त्या पुस्तकात जुन्या मासिकांतली आणि कादंबऱ्यांतली वाक्यं जशीच्या तशी किंवा थोडी फिरवून आल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंग्स्टीनने 2016 च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच अशी केली आहे की मी ज्या गावातून आलो तिथे सगळ्यात थोडी थोडी लबाडी मिसळलेली असते, आणि माझ्यातही. दारू आणि कोकेनमध्ये बुडालेली वर्षं कोणाला इतकी तपशीलवार आठवणार? काका म्हणतील, मग हे वाचायचंच कशाला?

इथे मला राजवाडे आठवतात. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना त्यांनी पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं पुढे ठेवली आणि बखरींतल्या चुका एकेक करून उघड्या पाडल्या. तारखा चुकीच्या, माणसं भलत्या ठिकाणी, आकडे फुगवलेले. त्यानंतर बखरी कोणी जाळल्या का? भाऊसाहेबांची बखर आपण आजही वाचतो. वाचण्याची पद्धत तेवढी बदलली. आता तिच्यात आपण बघतो की लिहिणाऱ्याला कोणाची बाजू घ्यायची होती, कोणाला वाचवायचं होतं, कोणाच्या माथी अपयश मारायचं होतं. रॉकची आत्मचरित्रंही बखरीच आहेत. म्हणून एका बँडच्या दोन तरी वाचाव्यात. ब्रायन जोन्स हा स्टोन्सच्या संस्थापकांपैकी. 1969 मध्ये घरच्या जलतरण तलावात बुडून गेला, वय 27. रिचर्ड्सच्या पुस्तकात तो बहुतेक वेळा डोकेदुखी म्हणून येतो. बासवादक बिल वायमन रोजच्या नोंदी ठेवणारा माणूस. त्याच्या 1990 च्या पुस्तकात बँड उभा करण्याचं श्रेय जोन्सला मिळतं. खरं कोणाचं? मला माहीत नाही, पण दोन्ही वाचल्यावर एक नक्की कळतं: मेलेल्या माणसाची बाजू लिहायला कोणी नसतं.

आणि इथेच काकांचा सर्वांत जड मुद्दा येतो. त्यांनी तो मांडलाच नाही याचं मला खरोखर नवल वाटतं. लिहितात ते जीव वाचलेले. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन 1970 मध्ये गेले, जिम मॉरिसन 1971 मध्ये, कर्ट कोबेन 1994 मध्ये. चौघंही 27 वर्षांचे, आणि चौघांनीही म्हातारपणी बसून आठवणी लिहिल्या नाहीत हे उघडच आहे. मग कपाटात उरतं काय, तर सत्तरीतला एक हसरा म्हातारा, जो सांगतोय की मी सगळं केलं आणि बघा, अजून उभा आहे. शंभर जणांनी भर पावसात रूळ ओलांडले आणि जो पलीकडे पोचला त्याने रूळ ओलांडण्यावर पुस्तक लिहिलं, असला हा प्रकार. मुंबईत राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. विशीतल्या पोराच्या हातात हे पुस्तक पडलं तर तो यातून काय घेईल, ही काकांची काळजी म्हातारचळ म्हणून उडवून लावण्यासारखी अजिबात नाही. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच सुचतं की न लिहिलेल्या पुस्तकांची जागाही कपाटात मनातल्या मनात मोकळी ठेवावी. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं घ्या. फारुख बलसारा, जन्म झांजिबारचा, शाळा पाचगणीची. तिथल्या पोरांच्या 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे. 1964 मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि नोव्हेंबर 1991 मध्ये, 45 व्या वर्षी, तो एड्सने गेला. त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही. आपण मात्र 'तो आपलाच हो, पाचगणीचा!' म्हणायला मोकळे. सातारा जिल्ह्यातल्या त्या वसतिगृहात त्याला काय वाटत होतं, हिंदी गाणी कानावर पडत होती का, घरची आठवण येत होती का, हे त्याच्या तोंडून आपल्याला कधीच कळणार नाही. जे वाचले त्यांची पुस्तकं वाचताना ही पोकळी जाणवली नाही तर काका बरोबर आणि मी चूक.

मुलाच्या 'खरं लिहितात' या दाव्याचं काय? मॉटली क्रू या बँडचं 'द डर्ट' 2001 मध्ये आलं आणि बेधडकपणाचा नमुना म्हणून गाजलं. त्यात एका स्त्रीवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रसंग किस्सा म्हणून सांगितला आहे. 2019 मध्ये त्यावर विचारणा झाली तेव्हा बँडचा बासवादक निकी सिक्सने सांगितलं की तो प्रसंग बहुधा फुगवलेला किंवा रचलेलाच असावा, आणि दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे बघा, खोटं होतं असं धरलं तर मर्दुमकी म्हणून त्याला हे रचावंसं वाटलं. खरं असेल तर आणखीच वाईट. याच बँडच्या गायकाने डिसेंबर 1984 मध्ये दारू पिऊन गाडी ठोकली आणि शेजारी बसलेला दुसऱ्या बँडचा ड्रमर ठार झाला. शिक्षा झाली तीस दिवसांची आणि नुकसानभरपाई. असे निकाल वाचायची सवय या शहरालाही आहे. धैर्य म्हणतात ते यात नेमकं कुठे आहे? स्वतःच्या अपराधाचं चमचमीत वर्णन करायला हिंमत लागत नाही, प्रकाशक लागतो.

तरीही हे पुस्तक काढून टाकावं असं मी म्हणणार नाही. 2001 मध्ये काय काय विनोद म्हणून छापता येत होतं आणि कोण कोण हसत होतं, याचा तो दस्तऐवज आहे. फक्त त्याच्या शेजारी व्हिव अल्बर्टिनचं 2014 चं पुस्तक ठेवा. आजीने मागे ठेवलेल्या पैशांतून, वाजवता येत नसताना, तिने गिटार घेतली आणि पुढे 'स्लिट्स' या मुलींच्या बँडमध्ये गेली. किंवा 'सॉनिक यूथ' बँडच्या किम गॉर्डनचं ठेवा. पुरुषांच्या पुस्तकांत ज्या बाया प्रसंगापुरत्या येऊन जातात, त्यांच्या जागेवरून तेच जग कसं दिसतं ते कळेल. 1990 मध्ये 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा पुलंच्या कित्येक चाहत्यांना ते बोचलं होतं. आज त्या पुस्तकाशिवाय त्या घराचा विचार करता येतो का?

सभेत गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं नावही निघालं होतं. 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात त्याने झिंगलेल्या अवस्थेत स्थलांतरितांविरुद्ध भाषण ठोकलं, इनॉक पॉवेल या राजकारण्याची तळी उचलली. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ज्या माणसाची अख्खी विद्या कृष्णवर्णीय ब्लूजवाल्यांकडून आलेली, तो हे बोलला. ज्यांचं बोट धरून शिकायचं, त्यांनाच दार दाखवायचं. भूमिपुत्रांची भाषणं ऐकत वाढलेल्या मुंबईकराला हे फार परकं वाटू नये. पाच तारांची जुळणी कुठून कुठे आली हे ज्याने वाचलंय त्याला या भाषणातली खोट दारूत शोधावी लागत नाही.

शेवटचा आक्षेप सभेतल्या एका बाईंचा होता आणि तो मला सर्वांत मनाला लागला: "आपल्या माणसांचं कोण लिहितंय, म्हणून त्यांचं वाचायचं?" खरंच, कोण लिहितंय? हिंदी सिनेमाचं संगीत याच शहरातल्या स्टुडिओंत घडलं, ते वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेले कितीतरी वादक होते, आणि श्रेयनामावलीत त्यांच्यापैकी बहुतेकांना जागा नव्हती. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. देशाला त्यांचं नाव माहीत झालं ते 1977 मध्ये अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या गाण्यामुळे. या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये पुस्तक झालं ते इंग्रजीत, आणि ते केलं परदेशी विद्यापीठातल्या संशोधकाने. धोबीतलावच्या रंगभवनात वर्षानुवर्षं रॉकचे कार्यक्रम झाले. शेजारी कॉलेज, हॉस्पिटलं. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि ते थांबलं. तिथे घामाघूम होऊन वाजवणाऱ्या पोरांत मराठी पोरंही होती. त्यांच्यापैकी कोणी मराठीत दोनशे पानं लिहिली असती तर मी ती आधी वाचली असती. पण बाईंच्या प्रश्नाचं उत्तर कपाट रिकामं ठेवण्यात आहे असं मला वाटत नाही. सहाव्या तारेवर पाच पानं लिहिता येतात हे कुठेतरी वाचल्याशिवाय आपल्या वादकाला तसा प्रश्न विचारायचं सुचणार कसं?

मला तरी आधी सुचलं नव्हतं. सभेनंतर आठवड्याभराने लालबागला एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो. तीस वर्षं बेंजो पार्टीत वाजवतात, गणपती-नवरात्रात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हेच. टाइपरायटरसारख्या पट्ट्या असलेलं बुलबुल तरंग, त्याला पिकअप लावून भोंग्यावर चढवलेलं. आजवर मी त्यांना नेहमी एकच विचारत आलो होतो, यंदा सुपाऱ्या किती? या वेळी विचारलं, तारा कुठल्या वापरता? ते आधी बावचळले. मग उठून कपाटातून वाद्य काढलं आणि पाऊण तास बोलत राहिले: पावसात पट्ट्या फुगतात तेव्हा काय करायचं, टेम्पोवर ॲम्प्लिफायरला प्लास्टिक बांधताना हवा कुठून सोडायची, पिकअप पहिल्यांदा स्वतः बसवला तेव्हा कसा झटका बसला. विसर्जनाच्या दिवशी तार तुटली तर मिरवणूक थांबत नाही, म्हणून ते तारा आधीच हव्या त्या लांबीच्या कापून, टोकाला फास वळवून, सदऱ्याच्या खिशात ठेवतात.

"किती?" मी विचारलं.

"लालबाग ते चौपाटी, सात," ते म्हणाले. "एकदा नऊ लागल्या होत्या."